कोचवाल्यांच्या कोचात उंदीर

कोचवाल्यांच्या घरी गेलं की आधी कोचावर बसायचं आणि मगच तोंड उघडायचं, असा त्या घराचा रिवाज होता. पाहुणा टेकला रे टेकला की ते समोर खुर्ची ओढून बसत आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहत. पाहुणा मुरलेला असेल तर आपणहून म्हणे, "वा! याला म्हणतात बैठक!" नवखा असेल तर त्याला तसं म्हणेपर्यंत चहा मिळत नसे.

"लोकांचे कोच करून करून घरी आम्ही जमिनीवर बसायचो," ते सांगत. "लग्न झाल्यावर मग हा केला. माझ्या घरचा पहिला कोच. वरचं कापड बदललं असेल अधूनमधून, तेही न उलटवता, पण आतला एक टाका उसवला नाही की तळाचा एक खिळा कमी नाही. कुठून सुई शिरायची नाही यात. विचारा हिला!"

ही म्हणजे त्यांची बायको. तिला नेमकं त्याच क्षणी स्वयंपाकघरात काहीतरी आठवे. कधी दूध उतू जात असे, कधी नळ चालू राहिलेला असे. ती पदराला हात पुसत उठून आत जाई, आणि कोचवाले मिशीत हसून म्हणत, "लाजते. नवऱ्याचं कौतुक चारचौघांत करायला अजून लाजते."

बढाईखोर म्हणून त्यांना कुणी नावं ठेवत नसे, कारण माणूस कामाचा खरोखर पक्का होता. वस्तीतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी त्यांच्या हातच्या कामावर बूड टेकलेलं होतं. दवाखान्यातली बाकं त्यांची, न्हाव्याच्या खुर्च्या त्यांच्या, नाट्यगृहातल्या पुढच्या रांगाही त्यांच्याच. दुकान एवढंसं, त्यात काथ्याचे ढीग, पोत्याच्या कापडाचे गठ्ठे आणि मधोमध उघडाबोडका पडलेला कुणाचा तरी कोच. त्याच्यासमोर हे गुडघ्यावर बसलेले, आणि तोंडात खिळे. ती त्या धंद्यातली खरी कसरत. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक खिळा वळवून ओठांवर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने तो ओठांवरूनच उचलायचा आणि एका ठोक्यात लाकडात बसवायचा. लोक रस्त्यात थांबून बघत. काम चालू असताना त्यांच्याशी बोलायला गेलात तर उत्तर मानेनेच मिळायचं. त्यांचा मुलगा शाळेतून परस्पर दुकानात येई आणि त्यानेही ती कसरत लहानपणीच उचलली होती. आईने एकदा पाहिलं आणि दोघांना एकदमच फैलावर घेतलं, तेव्हापासून ती बंद पडली. पुढे मुलगा शिकला, ऑफिसात लागला, इस्त्रीचे शर्ट घालू लागला, लग्न होऊन वेगळा राहू लागला. वडिलांचे हात थरथरायला लागले तसं दुकान बंद झालं. राहिला तो घरचा कोच, आणि त्याची कीर्ती सांगायला ते स्वतः.

अशा या घरात उंदीर शिरला.

सुरुवात पावाने झाली. मग बटाटे. मग सकाळी उठून बघावं तर ओट्यावर काळ्या लेंड्या. कोचवाल्यांनी पिंजरा आणला. उंदराने त्यातला पाव खाल्ला आणि पिंजरा जसाच्या तसा ठेवून तो निघून गेला. त्यांनी चिकट पुठ्ठा आणला. त्याला कोचवाल्यांचीच चप्पल चिकटली, आणि ती सोडवताना दुसरीही. मग बायकोने शेजारणीचं मांजर उसनं आणलं. मांजर घरभर हिंडलं, सगळीकडे हुंगलं आणि शेवटी कोचासमोर बसकण मारून कोचाच्या डाव्या हाताच्या खालच्या बाजूकडे टक लावून बसलं. ते जेवायलासुद्धा उठेना.

"आळशी आहे," कोचवाले म्हणाले. "उंदीर स्वयंपाकघरात, आणि हे इथे बसलंय."

"अहो, ते आळशी नाही. पहारा देतंय," बायको म्हणाली. "मला वाटतं उंदीर कोचात आहे."

कोचवाल्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्यांचा बाप काढला. "माझ्या कोचात? अगं, सुई शिरत नाही तिथे, आणि उंदीर शिरेल? परत कर ते मांजर. त्याला काही कळत नाही."

मांजर परत गेलं. आणि त्याच दुपारी कोचवाले कोचावर आडवे झाले असताना त्यांच्या कानाखाली, अगदी काथ्याच्या पोटात, करकर करकर सुरू झालं.

ते उठून बसले. बायको कपडे वाळत घालत होती, तिने ऐकलं नव्हतं. ते पुन्हा आडवे झाले. पुन्हा करकर. त्यांनी हाताने कोचावर एक चापट मारली आणि आवाज थांबला. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? आयुष्यभर ज्याच्या नावावर मान वर केली, त्यात एक चिमूटभर प्राणी राजासारखा राहत होता.

त्यानंतर त्यांना खोकला सुरू झाला. घरात कुणी असलं आणि कोचातून कुरतडण्याचा आवाज आला की हे लगेच मोठ्याने खोकत. बायकोने काढा करून दिला. तोही ते निमूटपणे प्यायले.

पण मुलगा आला तेव्हा उंदरानेच त्यांची अब्रू काढली. मुलगा कोचावर बसून बोलत होता, हे खोकत होते आणि उंदीर त्यांच्या वरताण कुरतडत होता. मुलगा बोलता बोलता थांबला. त्याने कोचाला कान लावला.

"बाबा, यात उंदीर आहे."

"खोकला आहे मला," कोचवाले म्हणाले.

"बाबा!"

मुलगा भला होता. चढ्या आवाजात बोलण्याची त्याला सवय नव्हती, पण जे बोलायचं ते तो सरळ बोलला. नात आता रांगायला लागली होती, जे दिसेल ते तोंडात घालत होती. उंदीर असलेल्या घरात तिला आणायला सूनबाई तयार नव्हती, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. "मी नवा सोफा सांगितलाय," तो म्हणाला. "तुमच्या दोघांच्या पाठीसाठी सांगणारच होतो. शनिवारी घेऊन येतील आणि हा घेऊन जातील."

"घेऊन जातील म्हणजे कुठे?"

विचारलं खरं, पण कोचवाल्यांना ते माहीत होतं. नाक्यावरच्या कचराकुंडीपाशी पावसात भिजत पडलेले, पोटं फाटलेले कोच त्यांनी कमी पाहिले नव्हते. तिथे थांबून ते नेहमी म्हणत, कुणाचं काम आहे बघा, काथ्या किती कमी भरलाय. आता त्यांच्या कोचापाशी थांबून कोण काय म्हणेल? आणि दुसरीकडे नात. तिच्याशिवाय रविवार काढायचे, तेही एका कोचासाठी? तेवढे ते वेडे नव्हते.

"शनिवारी ने," ते शेवटी म्हणाले. "पण त्याआधी एकदा उलटा करू दे मला. आत गेला कुठून, एवढं तरी कळू दे. मला एकट्याला हलणार नाही. तू ये."

मुलगा शुक्रवारी रजा काढून सकाळीच आला. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. बाप एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बायको "सावकाश, सावकाश, कंबर जाईल" असं म्हणत. वर्षानुवर्षं भिंतीला पाठ लावून बसलेला तो कोच शेवटी कण्हत कण्हत पालथा झाला.

तळाचं काळं कापड समोर आलं. तीन बाजूंनी खिळ्यांची रांग अशी सरळ की डोळा निवावा. पण भिंतीकडच्या एका कोपऱ्यात कापड वीतभर मोकळं लोंबत होतं. तिथून पोर मूठ घालेल एवढी वाट झाली होती, आणि वाटेवर काथ्याचा भुगा.

"कुणीतरी खिळे काढलेत," कोचवाले म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "कुणी काढले? ज्याने वरचं कापड बदलताना मदत केली होती, तो..."

"काढायला आधी मारावे लागतात," बायको म्हणाली.

कोचवाले गुडघ्यावर बसले. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि त्या लाकडावरून बोट फिरवलं. बाकीच्या पट्टीवर खिळ्यांची डोकी हाताला लागत होती. या कोपऱ्यात लाकूड कोरं होतं. खिळा निघाला असता तर भोक राहिलं असतं. इथे भोकच नव्हतं. इथे कधी खिळा लागलाच नव्हता. त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं.

"मी मारलेत," ते पुटपुटले. "मी असं अर्धवट सोडणारच नाही."

"आठवतं का, खिळे तोंडात घेऊन दवाखान्यात कोण आलं होतं?" बायकोने विचारलं.

मुलगा दोघांकडे बघू लागला. "कोण आलं होतं?"

"हे. मी बाजारात गेले होते आणि घरी हे कोच असाच उलटा टाकून खिळे मारत बसले होते. तेवढ्यात घरमालकीण ओरडत आली, की मला बाजारातूनच परस्पर दवाखान्यात नेलंय म्हणून. हे तसेच धावले. तिथे नर्स विचारतेय, कोण पाहिजे? आणि हे नुसते मान हलवतायत. तिला वाटलं, मुका आहे बिचारा. शेवटी यांनी ओंजळीत सगळे खिळे थुंकले आणि माझं नाव सांगितलं. नर्स मला सांगून सांगून हसत होती. तोवर तू जगात आला होतास."

कोचवाल्यांना खिळे आठवले. तोंडातली लोखंडाची चव आठवली. नर्सने टॉवेलात गुंडाळून हातात दिलेलं ते लालबुंद तोंडही आठवलं. कोपरा मात्र आठवेना. ते परतले तेव्हा शेजाऱ्यांनी पाळण्याला जागा करायला म्हणून कोच सुलटा करून भिंतीला लावून ठेवला होता. कोच आपल्या जागी दिसला, म्हणजे तो पुरा झाला, असं ते धरून चालले असणार. त्या दिवसांत कोचाकडे लक्ष होतं कुणाचं?

"म्हणजे हा कोपरा माझ्यामुळे राहिला," मुलगा म्हणाला.

"राहायचाच होता रे," बायको म्हणाली. "तू काय थांबणार होतास?"

"पण तुला कधी कळलं?" कोचवाल्यांनी विचारलं.

"हा रांगायला लागला तेव्हा. याने वाटी कोचाखाली सरकवली. ती काढायला मी आडवी झाले, तर कापड लोंबत होतं. सांगायलाच उठले होते. तर तुम्ही दारात उभे राहून कुणाला तरी सांगत होता, एक खिळा कमी नाही म्हणून. चेहरा असा फुलला होता तुमचा." तिने लाकडावरचा भुगा बोटाने झटकला. "जन्मभर लोकांचं काम इतकं चोख करणारा माणूस. घरचा एक कोपरा राहिला तर राहिला, म्हटलं. पण होकार कसा देऊ? खोटं बोलवत नव्हतं. म्हणून उठून आत जायचे."

आपण जिला लाजाळू म्हणत आलो, ती इतकी वर्षं आपली लाज झाकत होती, हे कोचवाल्यांच्या आत आत उतरत गेलं.

"म्हणजे दूध कधी उतू जातच नव्हतं," ते म्हणाले.

"एकदा खरंच गेलं होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून करकर झाली आणि तिघांनाही उंदराची आठवण झाली. मग मात्र कोचवाले अंगात आल्यासारखे उठले. त्यांनी उशीचा एक अभ्रा मागवला, त्याचं तोंड त्या मोकळ्या कोपऱ्याला लावलं आणि वाकड्या सुईने भराभर टाके घालून कापडालाच जोडून टाकलं. सुई ओवून दिली बायकोने. हात थरथरत होते, पण टाके बरोबर जिथे पडायचे तिथे पडत होते. मुलगा बघतच राहिला. लहानपणी दुकानात बसून तो असाच बघत असे, आणि मोठं झाल्यावर हे बघायचं आपण का सोडलं, हे त्याला काही केल्या सांगता आलं नसतं.

"आता दुसऱ्या टोकाकडून बडव," कोचवाले म्हणाले.

मुलाने लाटण्याने कोच बडवायला सुरुवात केली. काथ्यात धावपळ उडाली, आवाज या टोकाकडून त्या टोकाकडे सरकला आणि अभ्र्यात एकदम गोळा उड्या मारू लागला. बायकोने चिमटीत अभ्र्याचं तोंड आवळलं आणि कोचवाल्यांनी टाके कापले. उंदीर चांगला खाऊनपिऊन गुबगुबीत झाला होता. मुलाने अभ्रा लांब, पार रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत नेऊन उघडला.

तो परत आला तेव्हा कोचवाले खिळ्यांचा डबा आणि हातोडी घेऊन बसले होते. आतला कुरतडलेला काथ्या काढून त्यांनी नवा ठासून भरला होता. कापड ओढून घेतलं होतं. त्यांनी सवयीने खिळे तोंडात टाकले आणि लगेच थुंकले. कवळी हलली होती.

"दातच बदलले, तर काय करणार," ते म्हणाले. त्यांनी मुलाकडे पाहिलं. विचारायला त्यांना संकोच वाटत होता.

मुलगा गुडघ्यावर बसला, मूठभर खिळे त्याने तोंडात टाकले, आणि हातोडी हातात घेतली. पहिला खिळा वाकडा गेला. दुसरा सरळ. तिसऱ्यापासून ठोक्याला लय आली. कोचवाले कापड ताणून धरत होते आणि बायको दारात उभी होती. या वेळी तिने कुणालाही फैलावर घेतलं नाही.

शेवटचा खिळा बसल्यावर मुलाने उरलेले खिळे ओंजळीत काढले आणि सोफ्याच्या दुकानात फोन केला. नवा सोफा आणा, पण जुना नेऊ नका, तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, नवाही आणू नका.

रविवारी नात आली. तिच्याबरोबर सूनबाईची आई पहिल्यांदाच आली होती. तिला अर्थातच आधी कोचावर बसवण्यात आलं. कोचवाले खुर्ची ओढून समोर बसले.

"कोच माझ्या हातचा," ते म्हणाले. "पण मागचा एक कोपरा माझा नाही. तो माझ्या मुलाच्या हातचा आहे. तळाला एक खिळा कमी नाही, कुठून सुई शिरायची नाही. विचारा हिला!"

बोलून झाल्यावर ते सवयीने मिशीत हसायच्या तयारीत होते. पण बायको उठली नाही. ती कोचाच्या हातावर टेकली होती, तिथेच बसून राहिली.

"खरं आहे," ती म्हणाली.