पहिला हात

माझ्या हातून आश्रमात कुणी खाटेवर गेलं नाही, याचा मला त्या काळी फार अभिमान होता.

धुळ्यात एका मारवाडी शेठजींच्या ट्रस्टनं निराधार म्हाताऱ्यांसाठी घर काढलं होतं. तिथं मी सेविका होते. मूळची पिंपळनेरची, नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यात सुटलेलं, जीभ तिखट. आमच्याकडे माणूस खाटेवर मेलं तर त्याला गती मिळत नाही असं मानतात. म्हणून घरघर लागली की त्याला खाली घ्यायचं, सारवलेल्या भुईवर निजवायचं, तोंडात तुळशीचं पाणी घालायचं. आमच्या म्हाताऱ्यांना मरणाचं एवढं भय नव्हतं, खाटेचं होतं. 'मला खाली घेशील ना?' असं प्रत्येकानं मला एकदा तरी विचारलेलं होतं. मी प्रत्येकाला हो म्हटलं होतं आणि शब्द पाळला होता.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. थंडी सुरू झाली की तिबेटी लोक स्वेटर विकायला धुळ्यात यायचे आणि बसस्टँडजवळ रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून माल मांडायचे. आमच्याकडची थंडी ती केवढी, पण लोक हौसेनं स्वेटर घ्यायचे आणि संक्रांतीनंतर घामाघूम होऊन मिरवायचे. त्या वर्षी त्यांच्याबरोबर एक म्हातारा-म्हातारी होती. त्यांच्या निर्वासित वसाहतीत मागं सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून बरोबर आणलेली. जायची वेळ आली तेव्हा म्हातारीची छाती भरली, पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, हिला प्रवास झेपायचा नाही. त्यांच्यातली एक बाई शेठजींकडे रडत आली. शेठजींनी अट घातली की घरात मांस-अंडं येणार नाही. ती कबूल करून दोघांना आमच्याकडे सोडून ती माणसं गेली. पुढच्या थंडीत नेऊ म्हणाली.

सुरुवातीला माझं आणि म्हातारीचं जमेना. आमच्याकडे रोज आंघोळीचा नियम. तिला पाण्याचं वावडं. मी बादली घेऊन गेले की ती घोंगडीत शिरायची आणि आतून हसायची. मी ओरडायचे, ती आणखी हसायची. शेवटी आठवड्यातून एकदा यावर आमची तडजोड झाली. नियम मोडला म्हणून व्यवस्थापक मला बोलले, मीही त्यांना बोलले.

म्हाताऱ्याला मोडकं हिंदी यायचं. त्यांना मी बाबा म्हणायचे. त्यांचं सूत जुळलं ते शेजारच्या खाटेवरच्या अक्कांशी. अक्का नरडाण्याकडच्या, विधवा, सोवळ्याच्या कडक, बोलणं सगळं अहिराणीत. त्यांच्या पुतण्यानं गावाहून सातूचं पीठ पाठवलं होतं. बाबांनी ते पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा असा उजळला की अक्कांनी न बोलता वाटीभर काढून दिलं. त्यांनी त्यात चहा ओतला, मुठीत मळून गोळा केला, अर्धा बायकोला भरवला. त्यांच्या मुलखात म्हणे हेच जेवण. त्यानंतर सातू आलं की पहिली वाटी तिकडे जायची. त्या बाई एरवी कुणाला आपल्या तांब्याला हात लावू देत नसत.

फाल्गुनात आमच्याकडचे एक आबा गेले. रीतीप्रमाणे आम्ही चौघींनी त्यांना खाली घेतलं, पाणी घातलं, सगळे भोवती जमून रडले. बाबा दारात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला शोधत भांडी घासायच्या ओट्यापर्यंत आले. त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आणि ती त्यांनी मला तीनदा सांगितली.

त्यांचं म्हणणं असं, की श्वास थांबला म्हणजे माणूस गेलं असं नाही. जीव आत असतो, वाट शोधत असतो. तेव्हा त्याला हलवायचं नाही, रडायचं नाही, शिवायचं नाही. जिथं हात लागेल तिकडे तो ओढला जातो आणि तिथून बाहेर पडतो. पायाला हात लागला तर खाली, वाईट जन्माला. हात लावायचाच झाला तर पहिला इथं. असं म्हणून त्यांनी स्वतःच्या टाळूवर तळवा ठेवला. "पहला हाथ इधर. बस इतना करना बेटी."

मी हो हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना दिवसातून वीसदा म्हणतो तसलं ते हो होतं. हातात राख लावलेली भांडी होती आणि चुलीवर भात होता.

चैत्र सरता सरता म्हातारी फार खालावली. एका सकाळी बाबा वसाहतीला पत्र टाकायला पोस्टात गेले. मी औषध द्यायला गेले तर तिचे डोळे वर लागलेले, घशात घरघर. अक्का उठून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिले खाले ली ल्या वं. खाटवर मरू देऊ नका."

मला त्या क्षणी बाबांचं काहीही आठवलं नाही. खोटं कशाला सांगू? आठवलं असतं तर मी थांबले असते का, याचीही खात्री नाही. सहा वर्षांची सवय आणि वर तो अभिमान. मी झाडणाऱ्या बाईला हाक मारली, तिनं खांदे धरले, मी पाय धरले. उचलता उचलताच घरघर थांबली. तिचे सुजलेले घोटे माझ्या दोन्ही हातांत होते आणि ती गेली, हे मला हातांना कळलं. भुईवर टेकवलं, अक्कांनी ओठांवर पाणी लावलं, आणि मग मला तो टाळूवर ठेवलेला तळवा आठवला.

बाबा आले ते दारातच थांबले. रडले नाहीत. तिच्या उशाशी बसले, कानाशी तोंड नेऊन हळूहळू काही म्हणत राहिले. तास गेला, दोन गेले. शेठजींचा माणूस तिरडीचं सामान घेऊन आला. घरात प्रेत असताना चूल पेटत नाही, चाळीस म्हातारी माणसं बिनचहाची बसलेली. मी दारात उभी राहिले आणि कुणाला आत जाऊ दिलं नाही. व्यवस्थापक म्हणाले, नोकरी नको आहे का? मी म्हटलं, चार वाजेपर्यंत नको आहे. अक्कांनी सगळ्यांना सांगितलं की आज एकादशी समजा. एकानंही कुरकुर केली नाही, आणि आमची माणसं कुरकुरीत कुणाला हार जाणारी नव्हती.

चारच्या सुमाराला बाबा उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि विचारलं, "बेटी, पहला हाथ कहाँ लगा?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं. रागावले असते तर मी खरं सांगितलं असतं, मला भांडता येतं. पण ते लहान मुलानं निकाल विचारावा तसे माझ्या तोंडाकडे बघत होते. पन्नास वर्षांचा संसार, बर्फातून केलेली पायपीट, सगळं मागं टाकलेलं, आणि आता तिचं पुढं काय होणार ते माझ्या एका उत्तरावर. मी टाळूवर हात ठेवून म्हटलं, "इधर."

त्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. माळ हातात असताना ती बाई कधी खोटं बोलायची नाही. त्यांनी माळ खाली ठेवली. "हां भाऊ. डोकालेच लावा तिनी हात. मी देखं." आणि कळावं म्हणून स्वतःच्या डोक्यावर थापटून दाखवलं.

बाबांनी मला वाकून नमस्कार केला. नंतर पांझरेच्या काठी चितेसमोर ते ताठ उभे होते, आमच्यातलेच दोघेतिघे रडत होते.

पुढच्या थंडीत स्वेटरवाले परत आले. दोन महिने धंदा झाला आणि बाबांना न्यायची वेळ आली. मागच्या वेळी शेठजींकडे रडत आलेली बाई माझ्याकडे आली, जरा रागानंच. म्हणाली, ते यायचं नाही म्हणतात. वसाहतीत आता सोय झाली आहे, देऊळ आहे, लामा आहेत, आपलं जेवण आहे, बोलायला माणसं आहेत. पण ते म्हणतात, ह्या मुलीला पहिला हात कुठं लावायचा ते ठाऊक आहे, माझंही हीच करील.

मी त्यांच्याकडे गेले. ते खाटेवर बसून सातूचा गोळा मळत होते. खरं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते. ते सांगितलं असतं तर ते आपल्या माणसांत गेले असते, पण तिचं काय झालं या विचारात गेले असते. त्यांनी गोळ्याचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला आणि परत आले. स्वेटरवाले त्यांच्याशिवाय गेले.

त्यानंतर दोन वर्षं मी एकही रजा घेतली नाही. पिंपळनेरला भावाच्या मुलीचं लग्न झालं, मी गेले नाही. आईचं वर्षश्राद्ध झालं, गेले नाही. घरच्यांना वाटलं हिला नोकरीचा माज आला. म्हटलं, वाटू दे. बाजारहाटसुद्धा मी दुसऱ्यांकडून करून घ्यायचे, दुपारी वामकुक्षी त्यांच्या दाराशी.

ते गेले एका सकाळी, खाटेवर, शांतपणे. झाडणारी बाई सवयीनं पायाकडे धावली, तिला मी ओरडून थांबवलं. मग त्यांच्या टाळूवर तळवा ठेवला. हात कुठं लागला हे या खेपेला मला विचारणारं कुणी नव्हतं.