पूजेला ठेवलेला हिरा

आमच्या घराण्यात सोनं मोडणारे पुष्कळ झाले, पण हिरा हातात घेऊन तो संपवत आणण्याबद्दल पगार घेणारा माणूस अख्ख्या जोयडा तालुक्यात एकच, आणि तो माझा मावसभाऊ. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा घास घशातच अडकला. बंगळुरातल्या एका प्रयोगशाळेत तो यंत्रात तयार केलेला हिरा घेतो, बंद भांड्यात ठेवतो, आणि विजेने पेटवलेल्या वायूत तो वरून वरून उडवत नेतो. शेवटी उरतो तो नुसता पापुद्रा. डोक्यावरच्या केसाचे उभे शंभर पदर काढले, तर त्यातल्या एकाएवढा. "आणि बाकीचा हिरा?" मी विचारलं. "गेला." "राख तरी?" "राखबी न्हाई. वायू हुतो." चुलीवरचं पाणी आटलं असं सांगावं तसं त्याने सांगितलं, आणि पुढचा घास घेतला.

बरं, धक्का एवढ्यावर थांबत नाही. तो पापुद्रा अगदी निर्दोष असेल तर या लोकांच्या उपयोगाचा नाही! त्यात मुद्दाम एखादा अणू गाळलेला लागतो. त्या मोकळ्या जागेत म्हणे माहिती ठेवता येते आणि उजेडाने वाचता येते. उद्या जी क्वांटम यंत्रं व्हायची आहेत त्यांचा जीव त्या जागेत. जाड हिऱ्यात उजेड आतल्या आत घुटमळतो, बाहेर येत नाही, म्हणून तो एवढा पातळ करायचा. मला यातलं अर्धं कळलं. मावशीला एवढंच कळलं, की आपला लेक चांगल्या हिऱ्यात खोट घालतो. रामनगरहून आलेल्या एका स्थळाला तिने भाबडेपणाने हेच सांगितलं. ती मंडळी चहा अर्धा टाकून उठली आणि पुन्हा आली नाहीत.

या कामाने त्याचा श्वास कायमचा बिघडला आहे. बारीक वस्तू दिसली की त्याचा श्वास आपोआप थांबतो, कारण त्याचा हिरा नुसत्या फुंकरीने उडून जातो. एकदा आम्ही कुळगीच्या जंगलात गेलो होतो. तिथे एका काटकीवर चतुर बसलेला दिसला. त्याचे पंख बघता बघता हा असा निळा पडला की शेजारची एक बाई ओरडत पाणी घेऊन धावली. घरात तो पंखा लावू देत नाही. जीपमध्ये कोणी शिंकलं तर त्या माणसाकडे खुनी असल्यासारखा बघतो. आणि जाडी तर त्याला नुसत्या रंगावरून कळते. जोयड्याच्या बसस्टँडवर डबक्यात गाडीचं तेल सांडून रंगीत पट्टे उठले होते. हा भर गर्दीत उकिडवा बसला आणि म्हणाला, "हितं पातळ हाय, पर कडंला बिघडलंय." जीपवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "दवाखान्यात दावलंय का ह्यास्नी?" मी काय सांगणार!

पण मला खरा हादरा बसला तो मावशीच्या गावी, गुंदला, खंडेनवमीच्या दिवशी. मावशीच्या घरी त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात: विळे, कोयते, कुदळ. त्याच्या थोरल्या भावाचा पॉवर टिलर अंगणात हार घालून उभा असतो. दरवर्षी मावशी धाकट्याला बोलायची, "समद्यांची हत्यारं पूजेला हायत. तुजंच काय न्हाई. तू काय बिनकामाचा हाईस व्हय?" त्या वर्षी तो खरंच घेऊन आला. किती पापुद्रे फुटल्यावर कुठे एक सबंध निघाला होता. दसरा झाला की इथूनच मुंबईला जाऊन तो तिथल्या संशोधकांच्या हवाली करायचा होता, आणि त्याची पुढची नेमणूक त्याच्यावरच ठरायची होती. काडेपेटीएवढी पारदर्शक डबी, तळाला चिकट थर. आत काही म्हणता काही दिसत नव्हतं. तिरकी धरली की एक निळसर गुलाबी झाक मारायची. तोच हिरा.

"आये, झाकणावर फूल ठेव. उघडू नगंस," असं बजावून तो टिलरला हार घालायला अंगणात गेला. मी मावशीच्या शेजारीच बसलो होतो. विळ्यांना हळदकुंकू झालं, कोयत्यांना झालं, कुदळीला झालं. डबीपाशी येऊन ती थबकली. "झाकणाची पूजा करून काय उपेग? हत्यार तर आत हाय," असं पुटपुटत तिने झाकण उघडलं, चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू आणि वर चार अक्षता टाकल्या. मी हात पुढे करीपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

तो आत आला. डबी उचलून त्याने तिरकी धरली, पुन्हा धरली. झाक कुठेच नव्हती. आता घर डोक्यावर घेणार म्हणून मी पाटावरचे कोयते हळूच बाजूला सरकवले. मावशी म्हणाली, "काय बिघडलं न्हाई नव्हं?"

"न्हाई. चांगला हाय," तो म्हणाला आणि झाकण लावलं.

तोंडावर खरं बोलून दोन सोयरिकी मोडणारा हा माणूस! गोठ्यामागे मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "कुकू धुऊन निघंल रे. हिऱ्याला आम्लात उकळलं तरी काय हुत न्हाई. पर तांदळाच्या दाण्यानं तुकडं झालं. तिला बोलू नगंस." आणि तो मुंबईला न जाता बंगळूरला परतला. नेमणूक लांबली ती वर्षभर लांबली. मावशी फोनवर विचारायची, "माज्या पूजेचा हिरा काय म्हणतोय?" हा सांगायचा, "कामाला लागलाय."

पुढच्या खंडेनवमीला तो पुन्हा डबी घेऊन आला. मावशीने सगळ्या हत्यारांची पूजा केली आणि डबीपाशी येऊन हात मागे घेतला.

"म्या न्हाई शिवत."

"का गं?"

"गेल्या वर्साचा मीच मोडला. तुजं त्वांड बघून तवाच कळलं हुतं मला. तू फोनवर सांगायचास, म्या ऐकून घ्यायची."

मायलेकांनी एकमेकांना जपत वर्ष काढलं होतं आणि मी मधल्यामध्ये तोंड शिवून बसलो होतो. तो तिच्याजवळ खाली बसला. स्वतःच्या हाताने झाकण उघडून म्हणाला, "ह्यो माज्या हातनं मोडलाय, आये. असलं कितीतरी मोडत्यात. तुज्यासाठीच आणलाय. घाल कुकू."

मावशीने चिमटीत कुंकू घेतलं, पण हात डबीकडे गेला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. "आन् वरीसभर येकट्यानंच सोसलंस व्हय रं," म्हणाली, आणि ते कुंकू तिने त्याच्या कपाळाला लावलं. चिमटीत उरलं तेवढं मग डबीत टाकलं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मी उठून अंगणात गेलो.