कुंड चर्चच्या डावीकडे

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी स्टुटगार्टला भूमापन शिकत होतो आणि जवळच्या गेर्लिंगेनमध्ये एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. एका रविवारी मी नारळ आणून मागच्या पायरीवर फोडला. रविवारी तिथे आवाज नको म्हणून खिळासुद्धा ठोकायचा नसतो. बाई धावत आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी एक कवड उचलली, नाकाशी धरली आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"माझा जन्म सामोआचा," त्या म्हणाल्या.

वडील तिथे खोबऱ्याचे व्यापारी. बाराव्या वर्षापर्यंत त्या पॅसिफिकमधल्या त्या बेटावरच वाढल्या होत्या. मीही नारळाच्या मुलखातला, मालवणचा. कॉफी निवून गेली तरी गप्पा संपेनात.

गाव कसं होतं ते सांगता सांगता त्या कागदावर रेघा ओढायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा, नीट नकाशाच करू." चर्च, धक्का, कुंड, गावकीची बिनभिंतींची गोल बैठक.

"चर्चपासून धक्का किती लांब?"

"अनवाणी पळत गेलं तर दम लागायचा नाही, एवढा."

नीरफणसाचं झाड त्यांना चर्चहून मोठं हवं होतं. "स्केलमध्ये बसत नाही," मी म्हटलं.

"आल्झो, मग तुमचं स्केल चुकलंय!"

नकाशा आम्ही त्या गावच्या पाद्रींना पाठवला. चार महिन्यांनी तो परत आला, लाल पेन्सिलीने दुरुस्त होऊन. धक्का वादळात गेला होता. नीरफणसही पडला होता, पण मुळांतून नवी रोपं फुटली होती. सोबत इंग्रजी पत्र. मी ते जर्मनमध्ये सांगू लागलो : तुमची बालमैत्रीण अजून आहे. ती म्हणते, गोड्या पाण्याचं कुंड चर्चच्या डावीकडे आहे. हिला लहानपणीही डावं-उजवं कळत नव्हतं.

बाई "तीच! गेनाऊ, अगदी तीच ती!" म्हणत इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पन्नासएक वर्षं तिची काहीच खबर नव्हती.

दुसऱ्याच दिवशी जबाब गेला : कुंड उजवीकडेच. पुढची दोन वर्षं दोघी म्हाताऱ्या त्या कुंडावरून भांडल्या, लेखनिक मी. अखेर तिकडून फोटोच आला. मैत्रीण कुंडात पाय सोडून बसलेली, आणि कुंड स्वच्छ डावीकडे.

बाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "किती म्हातारी झाली गं," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"लिहा. फोटो समुद्राच्या बाजूने काढलाय. उलट दिसणारच."