बोटीवर कळवायचं नाही

शनिवार, सकाळ. पुंगोलचा फ्लॅट. हजर : मी आणि माझी मुलगी सई. गैरहजर : माझा नवरा अनिल, बोटीवर चीफ इंजिनिअर. उद्या कायमचा घरी येतोय.

हजेरी घेतली की मला बोलायला बळ येतं. कारण हे मी कुणालाही सांगितलेलं नाही – सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडूनही नाही. तुम्हाला सांगते. रडणार मात्र नाही.

बोटीवरच्या माणसांच्या घरात एक नियम असतो : वाईट बातमी बोटीवर कळवायची नाही. भर समुद्रात तो माणूस करणार काय? ताप, अपघात, सासूबाईंचं पडणं – सगळं आपण निस्तरायचं आणि फोनवर म्हणायचं, "इकडे सगळं ठीक." मी हा नियम इतका चोख पाळला की अनिलचे मित्र नव्याने लग्न झालं की बायकोला शिकायला माझ्याकडे पाठवत. आणि त्याच नियमाच्या आडोशाला मी –

थांबा. आधी सईचं सांगू द्या.

कॉलेजात असताना सई एका सेमिस्टरसाठी रियुनियनला गेली. मॉरिशसच्या शेजारचं बेट, भाषा फ्रेंच. तिला देवमाशांचा अभ्यास करायचा होता. तयारी सगळी माझी : व्हिसा, औषधं, मेतकूट, गोडा मसाला, प्रत्येक पुडीवर चिठ्ठी. मसाल्याची पुडी तिने फोडलीसुद्धा नाही. मादाम लूसी नावाची घरमालकीण तिला मिरच्यांचं लोणचं आणि भात जेवायला घाली. रविवारी व्हिडिओ कॉल केला की मागून ती बाई काहीतरी ओरडायची, सई फ्रेंचमध्ये उलट उत्तर द्यायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

"काय म्हणाली गं?"

"अगं आई, ते सांगून नाही कळायचं."

सेमिस्टर संपत आलं तेव्हा तिच्या प्राध्यापिकेने विचारलं, देवमाशांच्या पुढच्या हंगामापर्यंत राहतेस का? अनिल आधीच हो म्हणून बसला होता. समुद्राला नाही म्हणायला तो कधी शिकला? मी नको म्हटलं असतं तर सई भांडली असती, आणि राहिली असती. मग मी काय केलं? दूध संपलंय सांगावं तशा आवाजात म्हणाले, "सई, माझ्या छातीत गाठ लागलीय. तपासण्या करायच्यात. बाबाला बोलू नकोस, तो बोटीवर आहे."

गाठ नव्हती. कधीच नव्हती.

आठवड्याच्या आत ती इथे, चांगी विमानतळावर. रिपोर्ट चांगला आला, असं मी तिला तिथेच सांगून टाकलं. भर गर्दीत मला बिलगून रडली. मी तिची पाठ थोपटत होते आणि ट्रॉली कुठे मिळेल ते बघत होते. रियुनियनची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. आता सई इथेच, तांजोंग पगारच्या एका ऑफिसात जहाजांच्या विम्याचं काम करते.

समुद्राची भीती वाटली, घरात एकटी होते – असं म्हणता आलं असतं. पण ते खोटं. माझी मुलगी माझ्याशिवाय सुखात होती आणि मला ते बघवलं नाही. बस. पश्चात्तापाने जळत असेन असं वाटतं का तुम्हाला? नाही जळत. दर शनिवारी ती माझ्या ओट्याशी उभी असते. मला तेच हवं होतं, ते मी मिळवलं. चोरून मिळवलं, हेही मला नीट ठाऊक आहे.

एकच गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. दर वर्षी सई रजा काढून मला तपासणीला नेते. मी आतून बाहेर येते तेव्हा तिच्या हातातली कॉफी गार झालेली असते, घोटही घेतलेला नसतो. आणि बापाला तिने अवाक्षर सांगितलेलं नाही. माझा नियम माझ्याहून चोख पाळला पोरीने.

आज चिवडा परतताना म्हणाली, "आई, बाबा आता परत बोटीवर जाणार नाही. तुझ्या गाठीचं सांगूया ना त्याला? मला फार जड झालंय गं."

"गॅस बारीक कर आधी. दाणे करपतील."

"विषय नको बदलू लाह. उद्या जेवताना सांगू. तू सांग, मी रडेन." इथल्या पोरांच्या तोंडी हे "लाह" असतंच.

अनिल इंजिनिअर आहे. ऐकून घेईल आणि पहिला प्रश्न विचारेल, रिपोर्ट कुठेत? तो प्रश्न सईने त्याच्या तोंडून ऐकावा का?

चादरी बदलल्या. कपाटाचा अर्धा भाग मोकळा केला. चिवडा डब्यात भरला. सई खाली दही आणायला गेली होती, लिफ्ट वर आल्याचा आवाज आला. खरं काय ते तिला सांगायचं तेवढं राहिलंय.