उपासाचे मासे

माझे सासरे, आमचे मामाजी, माळकरी. तेल्हाऱ्याजवळच्या शेतात त्यांनी कपाशीसाठी शेततळं खोदलं आणि माझ्या धाकट्या जावेच्या डोळ्यांपुढे मासे पोहायला लागले. तिचं माहेर कौंडण्यपूरचं, वर्धेच्या काठचं. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण आमच्या घरात तिला माशाचा वासही मिळाला नव्हता. तळ्यात रोहूचं बीज सोडू का, एवढंच तिनं विचारलं.

"म्या तयं कपाशीसाठी खंदलं, जीव घ्यासाठी नाई," मामाजी म्हणाले. जाऊ गप्प बसली. मला मात्र राग आला. मी अकोल्याला कॉलेजात इतिहास शिकवते. गप्प बसणं हा माझा विषय नाही.

रविवारी जेवताना मी मुद्दाम सांगायला घेतलं. जुन्या काळी इंग्लंडात बिशपांचे, म्हणजे मोठ्या धर्मगुरूंचे, वाडे असत. भोवती पाण्याचा खंदक, मागे तळी, दोन्हींत मासे. कारण उपासाला मांस चालायचं नाही, मासे चालायचे.

मामाजींचा घास हातातच राहिला. "उपासाले मासोया?"

"अन् आपुन उगाच साबुदाना खात बसलो!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

दोन दिवस मामाजी त्या खंदकाचंच विचारत होते. किती रुंद, पाणी कुठलं. तिसऱ्या दिवशी निकाल लागला. "सोडा मासोया. पन आपुन उलटं करू. आपल्या उपासाले मासोयाइले सुटी." सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. माझ्या कॉलेजलासुद्धा इतक्या सुट्ट्या नाहीत.

पुढे रोज सकाळी माशांना कोंडा टाकायला तेच जाऊ लागले. जाऊ धास्तावली, आता हे मासे धरू देतात कशाचे!

पण एका बुधवारी जाळं पडलं. घरात शिजवायचं नव्हतं, म्हणून तळ्याच्या पाळीवर तीन दगडांची चूल मांडली. मामाजी लांब लिंबाखाली पाठ फिरवून भाकरी-ठेचा खात बसले. जावेनं पहिला घास घेतला.

मागे न वळताच मामाजींनी विचारलं, "काय वं पोरी, मायच्या हातच्यावानी झाली काय भाजी?"

तिचे डोळे भरले. मीच ओरडले, "झाली, मामाजी!"

"तुले नाई विचारलं. तिले बोलू दे."

"मीठ कमी पडलं, मामाजी," जाऊ म्हणाली.

मामाजी उठले, आणि आपल्या शिदोरीतली मिठाची पुडी चुलीपाशी आणून ठेवली.