पट्टा न लावायचा रस्ता

हेल्मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसली तेव्हा तिची साठी जवळ आली होती. तोपर्यंत गाडीत तिची जागा ड्रायव्हरच्या शेजारी, उजवीकडची, मांडीवर लोकरीचा गुंडा आणि हातात सुया. हिऊमा बेटावरचे सगळे रस्ते तिला विणकामातून माहीत होते. घरून निघून मोज्याची टाच वळवेपर्यंत कायनाचं चर्च यायचं आणि अंगठ्याशी पोचेपर्यंत हेल्टरमाचं बंदर. खिडकीबाहेर ती क्वचितच बघायची. गाडी चालवायला तिचा नवरा लेंबित होता, आणि लेंबितला गाडी चालवताना कोणी बोललेलं खपत नसे.

मग लेंबितचे डोळे गेले. एकदम नाही, मधून गेले. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. "तुझं तोंड गेलं, म्हातारे, पण केस आहेत अजून," असं तो हेल्मीला म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की कडेकडेचं जे उरलंय तेही हळूहळू जाईल. त्या दिवशी घरी आल्यावर लेंबितने गाडीच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, आणि पुढचे कित्येक दिवस त्या तिथेच ब्रेडच्या टोपलीजवळ पडून होत्या. शेवटी हेल्मीनेच त्या उचलल्या. दुकान दूर, बस दिवसातून दोनदा, करणार काय?

तिला सगळ्यात जास्त धास्ती होती ती स्टिअरिंगमध्ये दडलेल्या पिशवीची. एअरबॅग म्हणतात ती. ही धास्ती काही हवेतून आलेली नव्हती. एका हिवाळ्यात लेंबित गोठलेल्या समुद्रावरून गाडी घेऊन आला होता. बर्फाच्या रस्त्यावर सीटचा पट्टा लावायचा नाही हा कायदाच आहे. बर्फ फुटला तर क्षणात दार उघडून बाहेर पडता आलं पाहिजे. पण पट्टा नसला की गाडी टिंग टिंग करून जीव खाते, म्हणून बेटावरचे लोक पट्टा पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवतात. गाडी फसते, गप्प बसते. लेंबितनेही तेच केलं होतं, आणि किनाऱ्याला लागल्यावर तो पट्टा काढून नीट लावायचं विसरला. गाणं म्हणत घरापर्यंत आला, स्वतःच्या वळणावर घसरला आणि स्वतःच्याच दगडी कुंपणावर आदळला. पिशवी फुटली ती थेट नाकावर. नाक वाकडं झालं ते कायमचं. अख्खा समुद्र ओलांडून आपल्याच फाटकात बुडालेला माणूस म्हणून बेटाने त्याची वर्षभर टिंगल केली.

"मला ती पिशवी नकोच," हेल्मीने शिकवणाऱ्या आयगारला पहिल्याच दिवशी सांगितलं. आयगार शेजारच्या वाडीतला, चांगला चाळिशीचा बाप्या, पण तिला मावशीच म्हणायचा.

"मावशी, पिशवीचा काही दोष नाही," तो म्हणाला. "पट्टा नवरा आणि पिशवी बायको असं समजा. नवऱ्याने आधी धरून ठेवायचं, मग बायको सावरून घेते. नवरा जागेवर नसताना बायको समोर आली, तर थोबाड फोडणारच."

मागच्या सीटवर बसलेला लेंबित इतका हसला की त्याला खोकला आला. "बरोबर बोललास रे! माझं फोडलं तिने!"

आयगारने तिची सीट मागे सरकवली. ती स्टिअरिंगच्या चाकाला नाक लावून बसायची, दळायला बसल्यासारखी. छाती आणि चाक यांत वीतभराहून चांगली जास्त जागा हवी, पट्ट्याची खालची पट्टी पोटावर नाही, कमरेच्या हाडावर हवी, हात चाकाच्या दोन्ही बाजूंना, चाकावर आडवा हात कधीच नाही. चावी फिरवली की गोल पिशवी घेतलेल्या माणसाचा दिवा लागतो आणि विझतो. विझला नाही तर समजायचं की पिशवी झोपलीय, आणि गाडी गॅरेजला न्यायची. लेंबितलाही त्याने सोडलं नाही. पुढे बसताना पाय डॅशबोर्डवर टाकायची त्याची सवय होती. "काका, तिथेही एक बायको आहे," असं आयगारने म्हटलं आणि पाय खाली आले.

हेल्मीला परवाना मिळाला. तिसऱ्या परीक्षेत मिळाला, पण मिळाला. ती सावकाश चालवायची, फार सावकाश. मागून दूधवाल्याची गाडी भोंगे वाजवत यायची आणि ती शांतपणे बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. सावकाश म्हणजे सुरक्षित, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं.

लेंबितचं मात्र एकच मागणं होतं. एका संध्याकाळी सूप पिताना त्याने ते बोलून टाकलं. "मला एकदा समुद्र पांढरा बघायचाय. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढा माझ्या डोळ्याच्या कडेत मावतो अजून."

पण गेले किती हिवाळे समुद्र गोठलाच नव्हता. पाणी नुसतं काळं, गार, आणि त्यावर फेरी बोट जात-येत. डोळ्यांची कड दरवर्षी थोडी झिजत होती. ह्या वर्षी मात्र जानेवारीत वारा पडला आणि थंडीने बेटाला धरलं ते सोडलंच नाही. फेब्रुवारीत एका सकाळी रेडिओवर सांगितलं की बर्फाचा रस्ता खुला झाला. त्याच्यामागोमाग हवामानवाली बाई म्हणाली की आठवडाअखेर पश्चिमेकडून ऊब येणार.

लेंबितने कॉफीचा कप बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवून बसून राहिला. हेल्मीला ते बघवेना. आपण नेलं नाही तर हा असाच राहणार आणि कड संपून जाणार, हे तिला दिसत होतं. आणि नेलं, तर जे आयगारने शिकवलं ते सगळं उलटं करावं लागणार होतं. पट्टा सोडायचा, दारांची कुलपं उघडी ठेवायची, आणि मुख्य म्हणजे सावकाश जाणं पुरेसं नाही. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत राहायचं, नाहीतर चाळीसच्या वर. मधल्या वेगात बर्फाखालची लाट गाडीच्या बरोबरीने धावते आणि बर्फ फोडते. हे बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. माहीत असणं निराळं आणि पाय पेडलवर असणं निराळं.

शुक्रवारी सकाळी तिने थर्मास भरला, काळ्या ब्रेडमध्ये धुरावलेली मासळी घातली आणि म्हणाली, "ऊठ. बूट घाल."

बंदराशी नाक्यावर वेल्लो उभा होता, कानटोपीत गुंडाळलेला. गाडीत किती माणसं आहेत ते बघायचं आणि दोन गाड्यांमध्ये भरपूर अंतर ठेवून सोडायचं, हे त्याचं काम.

"अरे बापरे, हेल्मी चालवतेय!" तो खिडकीत वाकून म्हणाला. "लेंबित, मृत्युपत्र केलंस ना?"

"तुझ्या नावे काही नाहीये, काळजी करू नकोस," लेंबित म्हणाला.

"पट्टे सोडा. दारं बघ, ही नवी गाडी चालायला लागली की आपोआप कुलूप लावते. मध्ये थांबायचं नाही. काही झालं तरी थांबायचं नाही."

हेल्मीने पट्टा सोडला. पाठीमागून अडकवायची युक्ती तिने केली नाही. गाडीला ओरडायचं तर ओरडू दे, म्हणजे पलीकडे गेल्यावर विसरायला होणार नाही. तिने खिडकी बोटभर उघडली, कुलूप उघडायचं बटण दाबलं, आणि उतारावरून गाडी समुद्रावर आली.

थोडा वेळ टिंग टिंग करून गाडी कंटाळली आणि गप्प झाली. नुसता लाल दिवा जळत राहिला. आणि मग काहीच उरलं नाही. मागे बेट होतं ते धुक्यात विरघळलं, पुढे किनारा असायला हवा तिथे नुसता उजेड. आकाश कुठे संपतं आणि समुद्र कुठे सुरू होतो हे सांगणारी रेषच पुसली गेली होती. रस्त्याच्या कडेला खुणेसाठी जुनिपरची झुडपं बर्फात खोचलेली होती. एक यायचं, हळूच मागे जायचं, मग दुसरं. तेवढ्यावरून कळायचं की आपण चाललोय. काटा चाळीसच्या वर होता, पण वेग कुठे जाणवतच नव्हता. हेल्मीला वाटलं, आपण झोपेत आहोत आणि कुणीतरी पलंग हलकेच ढकलत नेतोय. आयुष्यभर ह्याच वाटेवरून ती विणत विणत गेली होती आणि तिने हे एकदाही बघितलं नव्हतं. वाईट वाटलं तिला. किती मोजे विणले, आणि हे राहून गेलं.

"दिसतंय का रे?" तिने विचारलं.

"दिसतंय," लेंबित म्हणाला. "सगळं दिसतंय. काय सुरेख आहे."

तेवढ्यात उजवीकडे, रस्त्याला अगदी लागून, एक गरुड बसलेला तिला दिसला. मेंढीच्या कोकराएवढा, पांढऱ्या शेपटीचा. गाडी जवळ आली तसा तो उठला, लेंबितच्या खिडकीच्या काचेसमोरूनच पंख पसरून वर गेला, आणि सबंध गाडीत क्षणभर सावली झाली. लेंबितने मान वळवली नाही. पापणीसुद्धा हलवली नाही. समोर बघत तो तसाच हसत बसला होता.

हेल्मीला एकदम कळलं. ह्याला काहीच दिसत नाहीये. कडसुद्धा नाही. मी ह्याला जे दाखवायला आणलं ते ह्याच्यासाठी नाहीच आहे कुठे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळा पांढरा समुद्र हलायला लागला, आणि घाबरली की जे ती नेहमी करायची तेच तिच्या पायाने केलं. पाय वर आला. गाडी सावकाश झाली.

बर्फाचा आवाज बदलला. इतका वेळ टायरखाली नुसती कोरडी कुजबुज होती, आता खोलातून एक लांबलचक कण्हणं आलं, आणि सीटखालून काहीतरी उचलल्यासारखं झालं.

"हेल्मी, किती आहे?" लेंबितचा आवाज एकदम जुना झाला, गाडी चालवायचा तेव्हाचा.

"तीस."

"पाय दाब."

"लेंबित, मला भीती वाटतेय रे."

"वाटू दे. पाय दाब. एकदम नाही, हळूहळू. ब्रेकला शिवायचं नाही."

तिने पाय दाबला. सगळं अंग म्हणत होतं थांब, आणि ती पाय दाबत राहिली. काटा चढला. कण्हणं मागे पडलं, मग आणखी मागे पडलं, आणि टायरखाली पुन्हा ती कोरडी कुजबुज आली. झुडपं येत राहिली, जात राहिली, आणि मग धुक्यातून पलीकडच्या बंदराचा धक्का हळूच वर आला.

जमिनीवर चाकं टेकताच तिने आधी आपला पट्टा लावला, मग त्याचा लावायला लावला, आणि पहिल्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

लेंबितने उगाच पट्ट्याशी चाळा केला. "ख्रिसमसपासून. सकाळी उजेड झाला एवढं कळतं. बाकी काही नाही."

"खोटारडा! दिसतंय म्हणे! मी जिवावर उदार होऊन आणलं तुला, आणि तू..." राग होता आणि त्याच्या खाली नुसतं रडू होतं. ती रडली. लेंबितने चाचपडत तिचा हात शोधला.

"सांगितलं असतं तर निघाली असतीस का?"

"नसते निघाले! कशाला निघाले असते?"

"म्हणून नाही सांगितलं. मला खरंच यायचं होतं गं. आणि डोळे गेले तरी मी संपलो असं वाटत नव्हतं. कान होते ना. बर्फ ऐकला. तू चालवलंस ते ऐकलं." मग म्हणाला, "मघाशी काय गेलं खिडकीवरून? सावली आली होती."

तिने नाक पुसलं आणि त्याला गरुड सांगितला. पंख केवढे, शेपटी कशी, डोळा कसा पिवळा. त्याने चार-चारदा विचारलं. ब्रेड-मासळी खाऊन झाली, कॉफी संपली, तरी ते गरुडावरच होते. पुढे हापसालू शहरात जाऊन काही करायचं नव्हतंच. सूर्य बुडायच्या आत परतायला हवं होतं, कारण अंधार पडला की रस्ता बंद करतात.

परतताना धुकं गुलाबी झालं होतं. हेल्मीने पट्टे सोडायला लावले, कुलूप बघितलं, खिडकी उघडली. कुणी सांगायची गरज पडली नाही. बर्फावर आल्यावर तिने काटा चाळीसच्या पुढे नेला आणि तिथेच धरला. मग ती दिसेल ते सांगू लागली. धुकं कसं आहे, बर्फात एक हिरवी शीर कशी आहे, झुडपांच्या सावल्या किती लांब झाल्यात. लेंबित हं हं करत होता. मग हं थांबलं.

तिने क्षणभर नजर वळवली. लेंबित झोपला होता. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे. दुसऱ्याच्या हाती चाक असलं की हा माणूस बसमध्येसुद्धा ताठ बसायचा, ड्रायव्हरला मागून ओरडायचा. तो झोपला होता, गोठलेल्या समुद्राच्या मधोमध, पट्ट्याशिवाय.

उठवायला हवं, हे तिला कळत होतं. बर्फावर झोपत नाहीत. ती खरंच उठवणार होती. पण त्याचा चेहरा इतका मोकळा तिने कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. तिने चाक दोन्ही बाजूंनी नीट धरलं आणि बर्फाकडे कान लावला. कुजबुज कोरडीच होती. ती बोलायची थांबली नाही, फक्त आवाज खाली आणला.

नाक्यावर वेल्लोने वाकून आत बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"हा झोपलाय? बर्फावर? लेंबित? अगं उठवायचंस ना, काही झालं असतं म्हणजे!"

हेल्मीने झोपलेल्या नवऱ्यावरून पट्टा ओढून घेतला, कमरेच्या हाडावर नीट बसवला आणि खटका लावला.

"झोपू दे," ती म्हणाली. "मी आहे ना."