प्रागच्या पायऱ्यांवर आई वज्रेश्वरी

आमच्या यांना पक्षाघाताचा झटका आला त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि मी आई वज्रेश्वरीकडे काही मागायचंच सोडून दिलं होतं. आमच्या कोन गावाहून तिचं देऊळ तसं जवळ. सुरुवातीला मी दर पौर्णिमेला जायचे, ओटी भरायचे, मग यांना अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवून पाय चोळायचे. काठी घेऊन घरातल्या घरात चालणं जमू लागलं, पण वाचा काही आली नाही. उभा जन्म भिवंडीच्या शाळेत इतिहास शिकवलेला माणूस 'पाणी', 'बस', 'नको' अशा दोन-चार शब्दांवर आला होता. देवघरात दिवा मी लावत राहिले, पण आईशी मनातल्या मनात जे बोलणं चालायचं, ते थांबलं. ऐकणारं कुणी नसावं, असंच वाटू लागलं होतं.

अशात लेकीने हट्टाने आम्हाला प्रागला बोलावून घेतलं. जावयांची नोकरी तिथे होती. जन्मभर फळ्यावर युरोपचे नकाशे काढले, तर बाबांना एकदा तो युरोप डोळ्यांनी बघू दे, असं तिचं म्हणणं. मला मात्र धास्तीच होती. परक्या मुलखात यांचा तोल गेला तर, कुठे पडले तर, या विचाराने मी विमानातही यांचा दंड सोडला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी लेक आम्हाला जुन्या शहरात घेऊन गेली. गोट्यांची फरसबंदी, रंगीत दर्शनी भिंतींची घरं आणि मधोमध मोठा चौक. तिथल्या जुन्या घड्याळात तास वाजला की खिडक्या उघडतात आणि संतांच्या मूर्ती फिरून जातात. हे मान वर करून बघतच राहिले. लेकीला मला मनोऱ्यावरून शहर दाखवायचं होतं. मी यांना बाकावर बसवलं, हलू नका म्हणून बजावलं आणि तिच्याबरोबर वर गेले. रांग मोठी होती, वेळ लागला. खाली आलो तर बाक रिकामा.

चौक पालथा घातला, आजूबाजूच्या गल्ल्या बघितल्या. यांच्याकडे फोन नव्हता, आणि असता तरी हे बोलणार काय? लेकीने पोलिसांना कळवलं आणि बाबा परत आले तर सापडावेत म्हणून ती बाकापाशी थांबली. मी गळ्यातल्या कॅमेऱ्यावर यांचा फोटो लावून येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे धरत होते. माना हलायच्या, माणसं पुढे जायची. शेवटी एका चर्चच्या भिंतीला टेकून मी उभी राहिले आणि कितीतरी महिन्यांनी आईला हाक मारली. घरच्या बोलीतच मारली. "आई, मना काय कलत न्हाय. मी यांना सोरलं तुझ्या हाती. आता तूच बघ."

डोळे उघडले तर एक म्हातारी बाई माझ्याकडे बघत उभी होती. डोक्याला रुमाल, हातात बाजाराची पिशवी. मी काही सांगायच्या आत तिने कॅमेरा हातात घेतला, फोटो पाहिला, आणि माझं मनगट धरून चालू लागली. तिची भाषा मला येत नव्हती, माझी तिला. अरुंद गल्ल्यांतून ती मला नदीवर घेऊन आली. दोन्ही बाजूंना दगडी संत उभे असलेला तो जुना पूल आम्ही ओलांडला. पलीकडे टेकडीवर, लांबलचक पायऱ्या चढून जायचा किल्ला होता. तिने त्याच्याकडे बोट केलं. मी मान हलवली; इतक्या पायऱ्या यांना चढवणारच नाहीत, हे तिला कसं सांगणार? पण ती थांबली नाही. तिच्यामागे मी धापा टाकत चढू लागले.

वर, किल्ल्याच्या कठड्याला टेकून हे उभे होते. काठी बगलेत, अंगातला शर्ट घामाने भिजलेला, आणि खाली पसरलेली लाल कौलं, मनोरे, नदी, सगळं यांच्या डोळ्यांसमोर. मला पाहून हे हसले आणि दोन वर्षांनी मी यांच्या तोंडून पुरं वाक्य ऐकलं. शाळेत शुद्ध मराठी बोलणारा हा माणूस लहानपणच्या बोलीत म्हणाला, "ये गो वर. सगला गाव दिसते इकरशी."

मी तिथेच मटकन बसले आणि हसत-रडत राहिले. म्हातारीने आपल्या पिशवीतलं एक सफरचंद यांच्या हातावर ठेवलं, यांची पाठ थोपटली आणि आल्या वाटेने उतरून गेली. मागाहून, खाली बाकापाशी थांबलेल्या लेकीला गाठल्यावर, यांनी तुटक शब्दांत सांगितलं ते असं: पूल बघावा म्हणून उठले, पुलावरून किल्ला दिसला, मग पाय थांबेनात. पायऱ्यांवर बसत बसत चढले. त्या बाईने यांना पुलावरून किल्ल्याकडे वळताना पाहिलं असेल. तेवढ्याने सगळा उलगडा होतो, आणि मला त्याहून जास्त काही सिद्ध करायचं नाही.

पुढचे दिवस हे पुढे आणि आम्ही मायलेकी मागे, असं आम्ही प्राग पाहिलं. जुनी वेस, राजवाडा, ज्यूंची जुनी वस्ती. प्रत्येक ठिकाणी हे अडखळत का होईना, इतिहास सांगायचे आणि लेक वहीत लिहून घ्यायची. इतकी वर्षं मी आईपुढे पदर पसरत होते, पण यांचा दंड काही सोडत नव्हते. यांना सांभाळणारी मी एकटीच, असं धरून चालले होते. त्या दिवशी हात सुटला, आणि जिच्या हाती यांना सोपवलं तिने यांना किल्ल्याच्या माथ्यावर नेऊन उभं केलं.